गाऊन विद्यापीठाचा, पैठणी आजीची

वाचकाचे पत्र : सप्रेम नमस्कार. मी मूळची कोल्हापूरची. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पर्यावरणशास्त्रातला एक वर्षाचा एमएससी अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. डिसेंबरमध्ये पदवीदान समारंभ आहे आणि त्यासाठी आई-बाबा पहिल्यांदाच परदेशी येत आहेत. पोशाखावरून घरात रोज नवी चर्चा होते. दादाने मागच्या वर्षी अमेरिकेत इंजिनिअरिंगमध्ये एमएस केले, त्याचा गाऊन आणि हूड घरी तसाच पडून आहे. तोच वापर, असे बाबांचे म्हणणे. आमच्या गल्लीतले शिंपीकाका फोटो पाहून दीड हजारात नवा शिवून देतो म्हणतात. आईला वाटते मी आजीची जांभळी पैठणी नेसावी, पण गाऊनखाली तिचा मोरांचा पदर झाकूनच जाणार, आणि माझ्या सगळ्या मैत्रिणी काळा ड्रेस घालणार आहेत. हूडचा रंग पैठणीला शोभेल असा निवडता येतो का? मला ‘मेरिट’ मिळाले आहे, त्याची पोशाखावर काही खूण असते का? कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर :

सप्रेम नमस्कार,

तुमचे मनःपूर्वक अभिनंदन, आणि तुमच्या आई-बाबांचेही.

तुमच्या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण घरातला गोंधळ तिथूनच सुरू झालेला दिसतो. पदवीदानाच्या पोशाखाचे दोन थर असतात. बाहेरचा थर, म्हणजे गाऊन, हूड (गाऊनवरून खांद्यांवर घेऊन पाठीवर सोडायचे रंगीत अस्तराचे कापड) आणि टोपी, हा विद्यापीठाचा असतो. त्याचा रंग, कापड, बाहीचा आकार यांतले काहीही ठरवण्याची मुभा पदवीधराला नसते. आतला थर तुमचा असतो, आणि ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांत तो प्रसंगाला साजेसा असावा यापलीकडे त्याबद्दल काही सांगितलेले नसते. तुमच्या घरात मात्र जिथे निवड नाही तिथे पर्याय शोधले जात आहेत आणि जिथे पूर्ण मोकळीक आहे तिथे आजीची पैठणी मैत्रिणींच्या काळ्या ड्रेसपुढे मागे सरते आहे.

दादाचा गाऊन वापरू नका. तो जुना आहे किंवा पुरुषाच्या मापाचा आहे म्हणून नव्हे, तर तो दुसऱ्याच गोष्टीची साक्ष देतो म्हणून. अमेरिकेत १८९५ मध्ये विद्यापीठांनी एकत्र येऊन पदवीच्या पोशाखाची एक संहिता ठरवली आणि पुढे तिच्यात सुधारणा होत गेल्या. या संहितेप्रमाणे हूडच्या कडेची मखमल विषय सांगते, आतले अस्तर विद्यापीठाचे रंग दाखवते आणि हूडची लांबी पदवीची पातळी सांगते. विज्ञानाला सोनेरी पिवळा, अभियांत्रिकीला नारिंगी, आणि पीएचडीला विषय कोणताही असो गडद निळा, असे हे रंग आहेत. पदव्युत्तर पदवीचा हूड साडेतीन फुटांचा, डॉक्टरेटचा चार फुटांचा. म्हणजे दादाचा हूड घालून तुम्ही मंचावर गेलात, तर जाणकाराला तुमच्या पाठीवर दुसऱ्याच विद्यापीठाची आणि बहुधा अभियांत्रिकीची पदवी दिसेल. आणखी एक व्यावहारिक अडचण अशी, की अमेरिकी गाऊन सहसा पुढून गळ्यापासून खालपर्यंत चेन लावून बंद करतात. त्याच्या आत पैठणी नेसलात काय आणि न नेसलात काय, फोटोत फरक कळणार नाही. ब्रिटिश गाऊन मात्र पुढून उघडा असतो, आणि तुमच्या बाबतीत सगळा मार्ग त्या उघडेपणातूनच निघणार आहे.

ब्रिटनमध्ये अशी एकच संहिता नाही. प्रत्येक विद्यापीठ आपला पोशाख स्वतः ठरवते, त्यामुळे रंगांवरून सरसकट अर्थ लावता येत नाही. ऑक्सफर्डच्या एमएच्या काळ्या हूडचे अस्तर लाल असते, केंब्रिजच्या एमएचे पांढरे रेशमी. दोन्हीकडे बीएच्या हूडला पांढऱ्या फरची कड असते. लंडन विद्यापीठाने विद्याशाखांना रंग वाटून दिले. विज्ञानाला सोनेरी आणि कलाशाखेला तांबूस तपकिरी. त्या विद्यापीठातल्या काही संस्था पुढे स्वतःच्या नावाने पदव्या देऊ लागल्या आणि त्यांनी आपापले पोशाख वेगळे केले. किंग्ज कॉलेजने तर ते काम फॅशनच्या जगातल्या विव्हियन वेस्टवुड यांच्याकडे सोपवले. त्यामुळे ‘लंडनचा हूड’ एवढे म्हणून भागत नाही; कोणत्या संस्थेची, कोणती पदवी आणि कोणत्या वर्षानंतरची, हे विचारावे लागते. या सगळ्याचा पद्धतशीर अभ्यास करणारी बर्गन सोसायटी नावाची एक संस्थाही तिथे २००० सालापासून आहे.

म्हणून हूडचा रंग पैठणीला शोभेल असा निवडता येईल का, याचे उत्तर नाही असेच आहे. पण मला वाटते, हूड नेमका काय आहे हे कळल्यावर तुम्हाला त्याचे वाईट वाटणार नाही. हूड म्हणजे मुळात डोक्यावर ओढून घ्यायचे, खांद्यांवर पसरणारे पांघरूण. आपल्याकडे थंडीत तान्ह्या बाळाला कुंची घालतात ना, तिचाच हा मोठा भाऊबंद. मध्ययुगात युरोपातल्या गार, दगडी सभागृहांत बसून शिकणारे बहुतेक जण धर्मसंस्थेशी जोडलेले असत आणि तसा अंगरखा व कुंची हा त्यांचा रोजचा वेश असे. पुढे डोके झाकायला टोपी आली, कुंची पाठीवर गेली आणि तिचे अस्तर बाहेर दिसेल असे उलटवून ठेवण्याची पद्धत रुळली. आज ब्रिटिश पोशाखात पदवीची सर्वांत नेमकी ओळख त्या अस्तरातच असते. ते तुम्ही मिळवलेले आहे, आणि साडीशी त्याचा मेळ बसला नाही तरी काही बिघडत नाही. जांभळ्या पैठणीवर हिरवे अस्तर आले तर येऊ द्या. पैठणीच्या काठापदरात एवढे रंग नांदत असतात की आणखी एकाने तिला परके वाटणार नाही.

मेरिटची खूण पोशाखावर नसते. ब्रिटनमध्ये श्रेणी कोणतीही असली तरी एकाच पदवीचे सगळे जण एकसारखाच पोशाख घालतात. अमेरिकेत गुणवंतांच्या गळ्यात रंगीत गोफ दिसतात. ते पाहून तसे काही ऑनलाइन मागवू नका.

आता शिंपीकाकांबद्दल. त्यांच्या हातात कला नक्कीच असेल, पण गाऊनचे काम त्यांच्याकडे देऊ नका. एमएससीसारख्या पदवीचा गाऊन लांबून साधा काळा झगा वाटतो. जवळून पाहिला तर मानेखालच्या खांद्याच्या पट्टीला पाठीचे सगळे कापड दाट, बारीक, उभ्या चुण्यांनी जोडलेले असते आणि गाऊनचा सारा घेर व पडण्याची ऐट त्या चुण्यांवर अवलंबून असते. बाहीचे प्रकरण तर आणखी वेगळे आहे. पदवी पातळीच्या गाऊनची बाही सहसा उघडी आणि खाली टोकदार असते; पदव्युत्तर गाऊनची बाही मात्र लांब, खाली शिवून बंद केलेली असते आणि हात बाहेर काढायला कोपराजवळ एक काप ठेवलेला असतो. त्या कापाखाली उरलेली बाही पिशवीसारखी लोंबते आणि तिच्या टोकाशी विद्यापीठागणिक वेगवेगळा कोर किंवा खाच असते. फोटोवरून हे शिवता येत नाही. शिवले गेले तरी बहुतेक विद्यापीठे अधिकृत पुरवठादाराकडूनच पोशाख घ्यायला सांगतात आणि वेश वेगळा दिसला तर ऐन रांगेत अडवण्याचा अधिकार त्यांना असतो. आई-बाबा सभागृहात बसलेले असताना तो प्रसंग यायला नको.

(या बाहीबाबत आत्ताच सांगून ठेवते. पहिल्यांदा गाऊन घालणारे बरेच जण हात बाहीच्या टोकापर्यंत सारतात आणि तो बाहेर निघत नाही म्हणून गोंधळतात. हात कोपराच्या कापातूनच बाहेर काढायचा आहे.)

गाऊन भाड्याने घ्या. विद्यापीठाच्या पदवीदानाच्या पानावर अधिकृत पुरवठादाराचे नाव आणि नोंदणीची मुदत दिलेली असते. १६८९ पासून हेच काम करणारी एड अँड रेव्हन्सक्रॉफ्ट ही लंडनची पेढी अनेक विद्यापीठांसाठी ते करते. एका दिवसाचे भाडे साधारणपणे पन्नास पौंडांच्या आगेमागे असते. विकत घेण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो, आणि पुढे अध्यापनात राहून दरवर्षी मिरवणुकीत चालायचे असेल तरच तो खर्च सार्थकी लागतो. ऑनलाइन ‘यूके मास्टर्स गाऊन सेट’ अशा नावाने स्वस्तात मिळणारे संच कोणत्याही एका विद्यापीठाचे नसतात, त्यामुळे तिकडे वळू नका. नोंदणी मुदतीच्या आत करा. समारंभाच्या सकाळी तिथे जाऊन मिळालाच तर जादा शुल्क पडते आणि उरलेल्या मापांतले एखादे वाट्याला येते.

नोंदणीच्या अर्जात तीन मापे विचारतात: उंची, छातीचा घेर आणि डोक्याचा घेर. छातीचा घेर त्या दिवशी घालणार आहात त्या ब्लाउजवर आणि पदर खांद्यावर घेऊन मोजा. डोक्याचा घेर केस त्या दिवशीसारखे बांधून, भुवयांच्या थोडा वर, कानांच्या वरून टेप फिरवून सेंटिमीटरमध्ये घ्या. ही टोपी घट्ट झाली तर कपाळावर वळ उठतो आणि सैल झाली तर मान वाकवताच खाली येते.

आता पैठणीकडे येते. तुमचे पत्र वाचल्यापासून माझ्या मनात तीच आहे.

नेहमीच्या पद्धतीने साडी नेसली तर पदर डाव्या खांद्यावरून मागे जातो. त्यावर गाऊन, त्यावर हूड. म्हणजे पैठणीत विणकराने सर्वांत अधिक दिवस जिथे घालवलेले असतात तो मोरांचा पदर दोन थरांखाली गाडला जाईल आणि पुढून फक्त निऱ्या व काठ दिसतील. आईंची इच्छा आणि तुमची शंका, दोन्ही रास्त आहेत. त्यावर उपाय असा, की पदर गुजराती पद्धतीने घ्या. पदर पाठीवरून उजव्या खांद्यावर आणा, तिथून पुढे सोडून छातीवर पसरवा आणि त्याचे टोक डाव्या बाजूला कमरेशी खोचा. ब्रिटिश गाऊन पुढून उघडा राहत असल्यामुळे गाऊनच्या दोन कडांच्या मधोमध पैठणीचा पदर समोर येईल. काळ्या कापडाच्या चौकटीत जांभळा रंग आणि जर किती उठून दिसते, हे तुम्ही घरी एखादी काळी शाल खांद्यांवर टाकून आरशात पाहू शकता. अस्सल हातमागाच्या पैठणीचे विणकाम दोन्ही बाजूंनी सारखेच असते, त्यामुळे पदर कसाही वळला तरी उलटी बाजू दिसण्याची भीती नाही.

ही काही माझी नवी युक्ती नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, तेव्हा नऊवारीत पायांना थंडी बाधते म्हणून त्यांनी तिथे गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या, तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या ऑक्सफर्डमध्ये कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या पहिल्या महिला. १८९२ मध्ये त्यांनी बीसीएल या कायद्याच्या पदवीची परीक्षा दिली, पण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नसे. १९२० मध्ये तो नियम बदलला आणि त्यानंतरच त्यांना ती पदवी घेता आली. केंब्रिजमधल्या स्त्रियांना तर १९४८ पर्यंत थांबावे लागले. अभ्यास केला, परीक्षा दिली, आणि तरीही ते काळे कापड अंगावर घेता येत नाही, असे आयुष्यातली पंचवीस-तीस वर्षे सहन केलेल्या या बायका होत्या. मी बाहेरच्या थराबाबत इतकी काटेकोर का आहे, हे तुम्हाला यावरून कळेल. तो अंगावर घेण्याचा हक्क तुमच्याकडे आला आहे. तो अचूक घ्या.

आता माझा स्वतःचा अनुभव सांगते, कारण त्यात तुमच्यासाठी कामाची गोष्ट आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ब्रिटिश विद्यापीठात मी पदवी घ्यायला गेले, तेव्हा अंगावर आईची इरकल होती आणि ब्लाउज नेहमीचा, खोल गळ्याचा. हूडला पुढच्या बाजूला गळ्यापाशी दोरीचा एक छोटा फासा असतो. तो शर्टाच्या किंवा जाकिटाच्या बटणात अडकवायचा असतो, कारण हूडचे सगळे वजन पाठीवर असते आणि पुढे आधार नसला तर तो मागे सरकत जाऊन पुढची पट्टी गळ्याशी आवळते. साडीला बटण कुठून असणार? गाऊन चढवून देणाऱ्या बाईंनी घाईघाईत एक सेफ्टी पिन हूडमधून आणि पदरातून आरपार घातली. मंचावर कुलगुरूंसमोर मी मान लववली, हूड मागे ओढला गेला आणि पिनेपाशी रेशीम टरकन फाटले. तो आवाज मला एकटीलाच ऐकू आला असेल. आईने गावी नेऊन ती साडी रफू करून घेतली. पदरावर बोटाच्या पेराएवढ्या जागेत आजही तो रफू हाताला लागतो. रंग हुबेहूब जुळला आहे, पण वीण तिथे किंचित जाड झाली आहे. आजीची पैठणी तर त्या इरकलीपेक्षा कितीतरी जुनी असेल, आणि जुने रेशीम पिनेला दाद देत नाही.

तेव्हा शिंपीकाकांचे दीड हजार रुपये या कामाला लावा. त्यांच्याकडून पैठणीच्या रंगाला जुळणारा, बंद गळ्याचा, कोपरापर्यंत किंवा पूर्ण बाह्यांचा ब्लाउज शिवून घ्या. गळ्याच्या खाली, बरोबर मध्यभागी, दोन बोटांच्या अंतरावर एक चपटे, मजबूत बटण लावायला सांगा आणि त्याच्यामागे कापडाची दुहेरी पट्टी द्यायला सांगा, म्हणजे वजनाने ते ओघळणार नाही. बटण ब्लाउजच्याच रंगाच्या कापडाने मढवले तर दागिन्याइतके सुरेख दिसेल. हूडचा फासा या बटणात अडकला की हूडसाठी साडीला पिन लावण्याची वेळच येणार नाही. फासा समारंभाच्या दिवशी ऐनवेळी नीट बसेना तर हूडची पट्टी आणि ब्लाउजचे कापड यांना पिन लावा, पदराला नाही. खांद्यांवर हूड गाऊनवरून घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक छोटी पिन हूड आणि गाऊन यांच्यात लावली तर चालते, मात्र गाऊन भाड्याचा आहे हे लक्षात ठेवून ती शिवणीतूनच घाला.

उजव्या खांद्यावरचा पदर घट्ट बसायला हवा, कारण मंचावर हस्तांदोलनासाठी उजवा हात लागतो आणि त्याच हाताने पदर सावरत राहिलात तर गडबड होते. तिथे पिन लावावीच लागेल, तेव्हा पदराच्या घडीखाली सुती कापडाचा छोटा तुकडा ठेवून पिन पदरासह त्या तुकड्यातून आणि ब्लाउजमधून घाला. जरीच्या धाग्यातून पिन कधीही घालू नका. निऱ्या नेहमीपेक्षा इंचभर वर ठेवा, म्हणजे मंचाच्या पायऱ्या चढताना काठ पायात येणार नाही. नेसायची तालीम तेच पायताण घालून, घरी निदान दोनदा तरी करा. तुम्ही कोल्हापूरच्या, त्यामुळे कोल्हापुरी चपला घालायचा मोह होईल आणि सभागृहात त्या शोभतीलही, पण डिसेंबरमध्ये तिथले रस्ते ओले असतात आणि ओल्या फरशीवर चामड्याचा तळ घसरतो. बाहेर बंद बूट घाला, चपला पिशवीतून न्या आणि गाऊन घेतल्यावर बदला. परकराखाली लोकरी लेगिंग आणि ब्लाउजखाली पातळ थर्मल घालाच. गाऊनला ऊब नसते आणि फोटोसाठी बराच वेळ उघड्यावर उभे राहावे लागते. ब्लाउजचे माप देताना तो थर्मल घालूनच द्या.

केसांचा अंबाडा मानेवर, खाली बांधा. चौकोनी टोपी डोक्यावर सपाट बसायला हवी, तिची पाटी जमिनीला समांतर आणि एक कोपरा कपाळाच्या बरोबर मध्यावर; मागे कलंडलेली टोपी फोटोत फार वाईट दिसते. उंच अंबाड्यावर किंवा भरघोस गजऱ्यावर ती सपाट बसत नाही. गजरा हवाच असेल तर अंबाड्याच्या खालच्या बाजूने अर्धा वेढा द्या. टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे फिरवण्याचा विधी अमेरिकेतला आहे, तुम्हाला तो करायचा नाही. टोपी हवेत उंच फेकू नका. तिचे कोपरे टणक असतात आणि ती परतही करायची असते. आणि मुळात तुमच्या विद्यापीठात टोपी घालतात का, तेही पाहा. एडिनबरामध्ये पदवीधर टोपी घालत नाहीत. तिथे मंचावर प्रत्येकाच्या डोक्याला एका जुन्या काळ्या टोपीचा स्पर्श केला जातो आणि पदवी मिळते.

मैत्रिणींच्या काळ्या ड्रेसबद्दल एवढेच सांगते, की तो नियम आहे की पसंती, याची तुमच्या विद्यापीठाच्या सूचनांमधून खात्री करून घ्या. ऑक्सफर्डमध्ये गाऊनच्या आत काय असावे हेही ठरलेले आहे. गडद सूट किंवा स्कर्ट, पांढरा शर्ट, काळे बूट. केंब्रिजचाही आतल्या कपड्यांबाबत कटाक्ष असतो. तुमचे विद्यापीठ यांपैकी नसेल तर बहुधा असा कोणताही निर्बंध नाही, आणि भारतीय उपखंडातून, आफ्रिकेतून आलेल्या मुली आपापल्या पोशाखावर गाऊन घालून दिमाखात रांगेत उभ्या असतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. सूचनांमध्ये शंका वाटली तर पदवीदान कार्यालयाला दोन ओळींची ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. काळा ड्रेस घालायचाच नाही असे नाही. पण तो घातला तर तुमचीच इच्छा म्हणून घाला. सगळ्यांनी काळे घातले आहे म्हणून पैठणी कपाटात ठेवलीत, तर वर्षभराने तोच फोटो पाहताना चुकल्यासारखे वाटेल.

दागिने थोडेच ठेवा. हूडच्या पट्टीखाली गळ्यातले काही दिसत नाही आणि बंद गळ्यावर लांब माळ घातली तर हूडचा फासा तिच्यात अडकतो. कानात कुड्या आणि कपाळावर टिकली पुरे. टिकली टोपीच्या कडेखाली यावी म्हणून नेहमीपेक्षा किंचित खाली लावा.

समारंभाच्या सकाळी विद्यापीठात दोन तास आधी पोहोचा, कारण गाऊन घ्यायच्या खोलीबाहेर रांगा लागतात. आईंना शक्य असेल तर तिथपर्यंत सोबत न्या. पदर त्यांच्या हातून लागला की तो नीट बसेल, आणि हूडचा फासा बटणात कसा अडकवायचा हे त्यांना आधी घरी दाखवून ठेवा. हिरव्या अस्तराचा असो की निळ्या, हूड अंगावर चढला की मागून एक फोटो आवर्जून काढून घ्या. पुढून पैठणी दिसते, पण तुमची पदवी पाठीवर असते आणि पाठमोरा फोटो काढायला बहुतेक जण विसरतात.

त्याच रात्री, कितीही थकलात तरी, पैठणीतल्या सगळ्या पिना मोजून काढा. साडी लगेच घडी करून बॅगेत घालू नका. रात्रभर सावलीत पसरून ठेवा, म्हणजे अंगाची ऊब आणि दमटपणा निघून जाईल, आणि सकाळी जुन्या घडीवर न घालता नव्या घड्या पाडून मऊ सुती कापडात गुंडाळून आईंच्या हातसामानात द्या, मोठ्या बॅगेत नको.

आपली,
सदरलेखिका